दुपारी फोडलेला दवाखाना

माझा दवाखाना कोणी फोडला हे मला अजून माहीत नाही. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ. गंगापूर रोडजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बोर्डावर माझं नाव आणि पदवी आहे. 'मानसोपचार' हा शब्द मुद्दाम नाही, कारण तो वाचून माणसं जिन्यावरूनच परत फिरतात. ओझरच्या कारखान्यातले कामगार डोकेदुखीचं सांगून येतात. विंचूरकडच्या बायका शेजारच्या डेंटिस्टकडे जाते म्हणून घरून निघतात. इथे आल्याचं बाहेर कळणार नाही, एवढ्या एका भरवशावर माझा धंदा उभा आहे.

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी असेच येत. पूजा सांगता सांगता छातीत धडधड, हातांना कापरं, आता मरतोच असं वाटायचं. केबिनचं दार लागल्याशिवाय ते डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत. "यजमान आमच्याकडे मनाच्या शांतीसाठी येतात, मॅडम. गुरुजीच गोळ्या खातात म्हटल्यावर माझ्यासमोर कोण बसेल?" असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. गोळ्यांनी ते हळूहळू सावरले आणि अख्खी पूजा पुन्हा एकट्याने सांगू लागले.

दुपारी एक वाजला की आमच्या गल्लीतले सगळे दवाखाने बंद होतात आणि डॉक्टर मंडळी घरी जाऊन जेवून आडवी होतात. सॉफ्टवेअरवाला नेमका याच वेळात, आपल्या ऑफिसात बसून, आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि दुरुस्त्या करतो. त्यासाठी आम्ही शटर ओढतो आणि कॉम्प्युटर चालू ठेवून जातो. बाहेर दोन-दोन कुलपं आणि आत दार सताड उघडं, ही अख्ख्या गल्लीची रीत. त्या दिवशी निघायच्या घाईत फोन आला. बोलणाऱ्याने सॉफ्टवेअरवाल्याचंच नाव सांगितलं. अपडेट करायचंय, आत शिरायला स्क्रीनवर आलेला नंबर सांगा, म्हणाला. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितला. ती तो नेहमीच सांगायची, तिचं कामच होतं ते.

संध्याकाळी शटर उघडलं तर स्क्रीनवर इंग्रजीत धमकी. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, त्यांची प्रत आमच्याकडे आहे, पैसे द्या, नाहीतर एकेका पेशंटच्या घरी पाठवू. बॅकअप होता की. पेन ड्राइव्हवर होता, आणि तो पेन ड्राइव्ह बारा महिने त्याच कॉम्प्युटरला खोचलेला, म्हणून त्यालाही कुलूप लागलं. दसऱ्याला आम्ही त्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, पेन ड्राइव्हलासुद्धा हळदकुंकू वाहिलं. तो काढून कपाटात ठेवायची बुद्धी मात्र एकालाही झाली नाही.

सॉफ्टवेअरवाला आला आणि वर मलाच ऐकवू लागला, "तुमच्या मुलीनं नंबर द्यायलाच नको होता." चोर सोडून संन्याशाला सुळी. त्याने गल्लीतल्या सगळ्या दवाखान्यांना एकच पासवर्ड देऊन ठेवला होता, त्याच्याच कंपनीच्या नावाचा. त्याबद्दल चकार शब्द नाही. मी त्याला तिथल्या तिथे जिना दाखवला. मुलगी आहे अजून माझ्याकडेच.

पोलिसांत तक्रार दिली. पैसे दिले नाहीत. मग आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर समजवायला आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पेशंटना कशाला सांगताय? उगाच बोभाटा होईल." माझं डोकंच फिरलं. मूठ माझी होती का? आत माझं काय होतं? लोकांची झोप, लोकांचे संसार, नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी होत्या. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होते, मी एकेकाला फोन करत सुटले. कोणी शिव्या दिल्या, कोणी रडलं. मी ऐकून घेतलं.

गुरुजी शांत होते.

"त्यात सगळं लिहिलेलं होतं?"

"हो."

"नाव, गाव?"

"हो, गुरुजी."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

आजतागायत कोणाच्याही घरी काही गेल्याचं माझ्या कानावर नाही. चोराने त्या फायली उघडून तरी पाहिल्या की नाही, कोण जाणे. मला संताप येतो तो याचाच. कुठल्या तरी खुर्चीत बसून त्याने नुसती धमकी दिली, दुसऱ्या सावजाकडे वळला आणि विसरूनही गेला. माझी माणसं मात्र विसरली नाहीत. कितीतरी जणांनी येणंच सोडलं.

ठरलेल्या तारखेला गुरुजी आले नाहीत तेव्हा मी पुन्हा फोन लावला. मागे बरीच माणसं बोलत होती, घंटा वाजत होती.

"गुरुजी, गोळ्या संपल्या असतील ना?"

"नाही हो ताई, ते मी आता बंद केलंय." नेहमी मला मॅडम म्हणणारा माणूस, पूजेची चौकशी करणाऱ्या परक्या बाईशी बोलावं तसा बोलत होता.

"एकदम बंद करू नका. त्रास पुन्हा उलटेल. भर पूजेत उलटेल."

त्यांचा श्वास जोरात चालला होता, तो मला फोनवर ऐकू येत होता. तो श्वास मी ओळखते.

"आमच्याकडे नाही होणार ताई, दुसरीकडे बघा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि माझा नंबर तेवढा काढून टाका तुमच्याकडून."

नंबर मी काढून टाकला. ज्याच्याकडून काढायला हवा, तो अजून कोणाला सापडलेला नाही.