ताकदीची इंजेक्शनं

ह्यांचा हात खुंटीपर्यंत जाऊन अर्ध्यातूनच खाली आला. शर्ट मीच काढून दिला.

खांद्याचा सांधा बदलला आणि आत जंतूंनी घर केलं. डॉक्टर म्हणाले, “हे जंतू कातडीच्या तेलकट छिद्रांत असतातच. पुरुषी हार्मोन वाढलं की त्यांचं फावतं. इंजेक्शनं घेत होता का?”

ह्यांनी मान खाली घातली. जिममधली, ताकदीची, या वयात! ऑपरेशनच्या फॉर्मवर ‘चालू औषधं’ या रकान्यात ह्यांनी ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

“अगं, ते औषध थोडंच होतं?”

वय काय फक्त बायकाच लपवतात?

पहिल्या ऑपरेशनआधी रोज औषधी साबणानं तो खांदा मी घासून घासून धुतला. तेव्हा हे पाठमोरे बसून होते, इंजेक्शनांचं नावही काढलं नाही.

आता खांदा पुन्हा उघडायचाय. आज ह्यांनी साबणाची नवी वडी माझ्या हातात ठेवली आणि तसेच पाठमोरे बसले.