माधवी थूल आणि टप उघडणारी गाडी

सेलूच्या थूलबाई भित्र्या आहेत, हे त्यांच्या अंगणवाडीतल्या लेकरांनाही ठाऊक होतं. आभाळ नुसतं काळवंडलं तरी माधवी खिचडीचं पातेलं झाकायची, लेकरांना भिंतीपासून दूर खोलीच्या मधोमध गोळा करायची आणि पंख्याचं बटण हातानं न दाबता लाकडी फूटपट्टीनं बंद करायची. मदतनीस तोंडाला पदर लावून हसायची. माधवीला त्याचं काही वाटत नसे. हसणाऱ्यांच्या घरी लाइनमन नव्हता.

तिचा नवरा रत्नदीप वीज कंपनीत लाइनमन होता. लग्न होऊन ती सेलूत आली त्याच उन्हाळ्यात रत्नदीपचा जोडीदार बापूजी खांबावरच दगावला. बंद लाइनवर चढला होता. काम झालं असं समजून पलीकडून कुणीतरी ती चालू केली. माधवी त्या घरी बसायला गेली तेव्हा बापूजीच्या बायकोनं त्याची एक चप्पल छातीशी धरली होती आणि ती सोडवून घ्यायची कुणाची हिंमत होत नव्हती. माधवीच्या पोटात भीती शिरली ती त्या दिवशी.

मग नोकरीची सगळी वर्षं तशीच गेली. वादळ सुटलं की रत्नदीप हेल्मेट घेऊन निघायचा आणि माधवी मोबाइल मांडीवर घेऊन बसायची. तो परतला की आधी त्याचे तळहात उलटसुलट करून पाहायची, मग पाणी द्यायची. जेवताना खोदून खोदून विचारायची: तार पडली तर काय करायचं, जमिनीत करंट कसा पसरतो, माणूस चिकटला तर कसं ओढायचं. कळलं म्हणजे भीती कमी होईल असं तिला वाटायचं. झालं उलटंच. आधी तिला एकाच प्रकारच्या मरणाची भीती होती, आता दहा प्रकारचं मरण पाठ झालं.

“तुमाले भेव नाई लागत?” ती विचारायची.

“भेव कायचं? सवय हाये,” तो म्हणायचा आणि भात कालवायचा.

तो निवृत्त झाला त्या दिवशी हारतुऱ्यांसकट घरी आल्यावर माधवी मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

पण घरी बसेल तो रत्नदीप कसला! त्यानं नागपुराहून एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप उचलून आणली आणि हिंगणघाटच्या अनुप नावाच्या फॅब्रिकेटरकडे नेऊन टाकली. अनुपनं तिचा टप कापला. पुढच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या, मागच्या बाजूला दोन दट्टे. खटके सोडून वर ढकललं की पेटीचं झाकण उघडावं तसा टप मागून उचलला जायचा, आणि मधल्या मोकळ्या जागेत तिन्ही बाजूंनी ताडपत्रीच्या जाड कापडाच्या भिंती ताणल्या जायच्या. कापडाला चेनच्या खिडक्या. आत प्लायवूडची फळी, तिच्यावर गादी. गाडीच्या आतूनच एका चौकोनी भोकातून वर चढायचं.

“वाघ आला, साप आला, तरी आपन वर!” रत्नदीप लहान पोरासारखा सांगत सुटला. “जंगलात झोपू, तारे पाहू.”

“घराच्या गच्चीवरून तारे नाई दिसत का?” माधवी म्हणाली.

शेवटी पुण्याहून लेकीचा, मयुरीचा फोन आला. “आई, जा ना त्यांच्यासोबत. बाबा एकटे गेले तर तू इकडे जास्त घाबरशील.” हे मात्र खरं होतं. माधवीनं पिशवी भरली.

फेब्रुवारी सरत आला होता. बोर धरणाच्या मागच्या अंगाला, जंगलाला लागून गुलाब मरसकोल्हेचं वावर होतं. त्याच्या मोटारपंपाची लाइन रत्नदीपनंच कधीकाळी ओढून दिली होती, तेव्हापासूनची ओळख. गुलाब आणि त्याची बायको सुंदरा वावरातल्याच कौलारू घरात राहत. हरभरा सोंगून झाला होता, बांधावर पळस लाल झाला होता. वावराच्या कडेनं मोठी लाइन गेली होती, अकरा केव्हीची. रत्नदीपनं मान वर करकरून ती पाहिली, तारेपासून दूर, पडीत जागेत गाडी लावली आणि टप उघडला.

दुपारी सुंदरानं भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. जेवण झाल्यावर माधवी त्या चौकोनी भोकातून कशीबशी वर चढली. गादी मऊ होती. कापडाच्या खिडकीतून वारा येत होता, सागाची वाळकी पानं घरंगळत होती. तिला चक्क बरं वाटलं. रत्नदीप गुलाबसोबत विहिरीवर गेला आणि माधवीचा डोळा लागला.

ती जागी झाली ती टपाच्या खडखडाटानं. बाहेर पिवळट अंधारून आलं होतं. वारा कापडाच्या भिंती आत-बाहेर फुगवत होता आणि अख्खा टप दट्ट्यांवर डुगडुगत होता. पहिली गार पत्र्यावर आपटली तेव्हा ती किंचाळलीच. मग गारांचा मारा सुरू झाला. टप उडून जाणार आणि आपण त्याच्यासोबत, असं वाटून ती भोकातून खाली सरकली, दोन आसनांमधून रांगत मागच्या दाराशी आली आणि तिनं दार उघडलं. एक पाय उंबरठ्यावर, दुसरा खाली टाकायला उचललेला.

तेवढ्यात बांधावरचं वाळकं झाड मोडून लाइनवर कोसळलं. मोठा निळा लखलखाट झाला. तुटलेली तार चाबकासारखी सणसणत आली, गाडीच्या बोनेटवर पडली आणि तिचं टोक पुढच्या चाकापाशी गवतात फुसफुसू लागलं.

गारांच्या आवाजात माधवीला काही ऐकू आलं नाही. दिसला तो फक्त रत्नदीप. विहिरीकडून धावत आला होता आणि धावता धावता एकदम थबकला होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांतानं हलवत होता. तोंड उघडंच्या उघडं. तिचा पाय हवेतच राहिला. मग त्याचे शब्द पोचले.

“माधवी! पाय खाली टाकू नोको! माग घे! आत घे पाय!”

तिनं पाय आत घेतला. रत्नदीपनं आणखी एक पाऊल पुढं टाकलं आणि विस्तवावर पडावं तसं झटकलं. ओल्या जमिनीतून त्याच्या तळपायाला मुंग्या आल्या होत्या. दोन पायांत अंतर पडलं की जमिनीतला करंट अंगात शिरतो, म्हणून दोन्ही पाय जोडून तो बारीक बारीक उड्या मारत मागे सरकला. एरवी ते पाहून कुणालाही हसू आलं असतं.

“गाडीत आहेस तवर तुले काई होत नाई,” तो ओरडला. “गाडीले हात लावून खाली पाय टाकला, की संपलं. बसून राय! मी सबस्टेशनले फोन लावतो. इथं रेंज नाई, टेकडीवर जा लागते.”

“अवो, मले सोडून जाऊ नोका!”

“गेल्याबिगर लाइन बंद होत नाई, माधवी!” त्याचा आवाज फाटला. “अन् आग लागलीच, आग, समजलं का, तरच उडी मारजो. दोन्ही पाय जोडून. गाडीले कुठंच हात लावजो नोको.”

तो पळाला. गुलाब त्याच्यामागून पळाला. सुंदरा लांब बांधावर डोक्यावर पोतं घेऊन उभी राहिली.

माधवी मागच्या आसनावर अंग आक्रसून बसली. गाडी घुमत होती. कानाला कमी आणि दातांना जास्त जाणवावं असं काहीतरी. आपण बसलो आहोत ते लोखंड, वरचा टप, दाराची कडी, सगळ्यात तेच भरलं आहे ज्याला आपण जन्मभर भ्यालो, हे तिला कळत होतं. नवऱ्याला खांबावर गाठेल म्हणून ज्याची धास्ती बाळगली, ते सरळ तिच्याच दाराशी आलं होतं. तिनं हात काखेत दाबून धरले. ‘बुद्धं सरणं’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढचे शब्दच आठवेनात.

मग रबर जळल्याचा वास आला. पुढच्या चाकातून काळा धूर निघत होता.

“बाई, पेटून राह्यली गाडी!” सुंदरा बांधावरून ओरडली. “उडी मारा!”

ही आग की नुसता धूर? रत्नदीप म्हणाला होता आग. धूर म्हणाला नव्हता. माधवी उठली. साडी वर खोचून, हात छातीवर घट्ट बांधून ती उंबरठ्यावर आली. पाय जोडले. खाली गारांचा पांढरा थर होता. आपला गुडघा दुखरा, आपण पडणारच, पडलो की हात टेकणार, हे तिला स्पष्ट दिसलं. ती तशीच उभी राहिली. उडीही मारवेना, बसवेना.

आणि अचानक घुमणं थांबलं. तारेचं टोक विझलं. धूर विरळ झाला, गाराही ओसरल्या. इतकं शांत झालं की सुंदराच्या पायाखाली गारा फुटल्याचा आवाज आला. ती गाडीकडे यायला लागली होती.

“गेली लाइन! उतरा आता,” सुंदरा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

उतरावं असं माधवीच्या अंगातला कण न् कण म्हणत होता. गाडी आता नुसती गाडी होती. पण रत्नदीप कुठं होता? इतक्यात तो टेकडीवर तरी पोचला असेल का? मग लाइन बंद केली कुणी? आपोआप गेलेली लाइन सबस्टेशनवरचे लोक एकदा चालू करून पाहतातच, हे त्यानंच एकदा जेवताना सांगितलं होतं. आणि तिला चप्पल छातीशी धरलेली ती बाई दिसली.

“सुंदरा, माग हो!” ती अशी किंचाळली की स्वतःच दचकली. “जवळ येऊ नोको! परत येते लाइन!”

“काऊन? गेली ना—”

“माग हो म्हनते ना! माय होय माही, माग हो!”

सुंदरा गोंधळून मागे सरली. पुन्हा बांधाशी पोचते न पोचते, तोच निळा जाळ झाला, गवत चरचरलं आणि गाडी परत घुमू लागली. सुंदरा मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. माधवीला रडूही येईना. ती उंबरठ्यावरून आत सरकली आणि गाडीच्या तळाशी मुटकुळं करून पडली. धुरानं डोळे चुरचुरत होते. आता आग लागली तरी आपल्याच्यानं उठवणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

काही वेळानं घुमणं दुसऱ्यांदा थांबलं. या वेळी तिनं मानही वर केली नाही.

रत्नदीप आला तो धापा टाकत, चिखलानं माखलेला. “अमरनं बंद केली,” तो लांबूनच म्हणाला. अमर त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता सबस्टेशनवर होता. “निघाला तो. पन तू उतरू नोको. तार जमिनीले बांधल्याबिगर मी कोनावर भरोसा ठेवत नाई.”

तो बांधावर बसला, तोंड तिच्याकडे करून. माधवीनं डोकं उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि ती चपापली. रत्नदीपचे दोन्ही हात थरथरत होते. एका हातानं दुसरा दाबून धरायला जात होता, तर दोन्ही जास्तच हलत होते. ओठ पांढरे पडले होते. इतक्या वर्षांत तिनं त्याचे तळहात शेकडो वेळा पाहिले होते, पण असे कधीच नाही.

अमर आणि त्याची माणसं मोटरसायकलींवर आली. त्यांनी लांब काठीनं तारेला साखळ्या अडकवल्या, साखळ्या जमिनीत गाडल्या, दोनदा तपासलं. मगच रत्नदीपनं हात पुढं केला. माधवी खाली उतरली आणि उभी राहू शकली नाही. तो तिला धरून तिथंच गारांच्या चिखलात बसला.

सुंदराच्या चुलीपाशी बसून काळा चहा पोटात गेला तेव्हा रत्नदीप बोलला.

“मले वाटलं, तू पाय टाकलाच.”

“तुमचे हात पाहिले मी,” माधवी म्हणाली.

त्यानं चुलीत लाकूड सारलं. “ते नेहमीचंच होय. खांबावरून उतरलो का असेच हलायचे. बापूजी गेल्यापासून. थांबले का मंग घरी यायचो.”

“म्हंजे तुमाले भेव लागत होतं?”

“दर खेपेले.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“तू पयलेच भित होतीस. तुले अजून काय सांगू?”

माधवीला कीव यायला हवी होती, आला संताप. एवढी वर्षं ती घरात एकटीच वेडी ठरली होती. अंगणवाडीत, नात्यात, लेकीसमोर. आणि हा माणूस कुठंतरी रस्त्याच्या कडेला हात थांबायची वाट पाहत बसायचा, मग हसत घरात यायचा. ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. गाडी ओढून सेलूला नेईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मयुरीनं फोनवर विचारलं, “आई, घाबरलीस का गं फार?” तर म्हणाली, “तुह्या बापाले विचार. तो घाबरला.”

अनुपनं चाकं बदलली, जळलेल्या वायरी बदलल्या. रत्नदीप गाडी विकायचं म्हणू लागला. गिऱ्हाईकही आलं. माधवीनं चहा करून दिला आणि गिऱ्हाईकासमोरच म्हणाली, “मी घाबरली म्हनून इकत असान तर नोका इकू. तुमी घाबरले असान, तर तसं सांगा अन् इका.” गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. गाडी राहिली.

पुढच्या थंडीत दोघं पुन्हा निघाले. डबा भरला, गादी वरच्या फळीवर टाकली. सेलू सोडून जेमतेम हिंगणीच्या पुढं गेले असतील, तर समोर डोंगराच्या मागून ढग वर येताना दिसले. फार काळे नव्हते. पाऊस येईलच असंही नव्हतं. माधवीनं सीटची कड घट्ट धरली.

रत्नदीपनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. काच खाली करून ढगांकडे पाहिलं.

“माधवी,” तो म्हणाला, “मले भेव लागून राह्यलं.”

“मलेबी,” ती म्हणाली.

त्यानं गाडी सेलूकडे वळवली.