खडखडाटात बोलणारा दादा

आमच्या घरात दादाशी चारच गोष्टी बोलता यायच्या. जेव, झोप, ये, जा. त्याही हातानं. त्याला जन्मापासून ऐकू यायचं नाही, म्हणून बोलणंही नाही. आई त्याला 'गरीब गाय' म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं. गाय कसली! धडधाकट, डोळ्यांत मिश्किली असलेला माणूस तो. पण मला तरी त्याच्याशी पाचवी गोष्ट कुठं बोलता येत होती?

सत्तरच्या दशकात मला पहिली नोकरी लागली, तीही तात्पुरती. सोलापुरातल्या अपंगांपैकी किती जण कामाला आहेत, ते हिंडून मोजायचं. माझ्या वाट्याच्या भागात दादा कामाला होता तो टॉवेलचा कारखानाही आला. तिथं तो झाडलोट करतो, सूत उचलतो, असं आम्ही घरी धरून चाललो होतो. मी म्हटलं, चला, एक नाव तर हक्काचं मिळालं!

मालक बाहेरच्या खोलीत बसले होते. घरची भाषा तेलुगू, मराठी मोडकीतोडकी पण खणखणीत. मी काम सांगितलं तसे म्हणाले, "आमच्याकडं तसा एकपण माणूस नाही, बाई. ठेवणारपण नाही. उद्या मागात हात गेला तर कोण निस्तरणार?"

मी गारच पडले. ओठांवर आलेलं दादाचं नाव तसंच गिळलं.

"खोटं वाटतं काय? आत येऊन बघा की," असं म्हणून ते मला आत घेऊन गेले.

दार उघडलं आणि मागांचा खडखडाट अंगावर आला. माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि त्या आवाजात अख्खा कारखाना बोलत होता, हातांनी! या टोकाचा त्या टोकाला चहाचं विचारत होता, कुणी भुवया उडवून भांडत होता, कुणी बोटं नाचवून बायकोची तक्रार सांगत होता. मधोमध आमचा दादा. एकटा दोन माग चालवत होता! मालकांची पाठ वळताच त्यानं पोट पुढं काढून त्यांची चाल करून दाखवली आणि शेजारची ओळच्या ओळ हसली. अगं बाई! आमचा दादा चक्क नकला करतो, लोकांना हसवतो, आणि घरात कुणाला पत्ता नाही! मी तोंडाचा आ करून बघतच राहिले. तिथं बहिरा कोण, ते परक्याला ओळखूच आलं नसतं. मुकी असलीच तर एकटी मी होते.

मागांची दुरुस्ती करणारा जॉबर मला कोपऱ्यात घेऊन कानाशी ओरडला, "ताई, ह्याला ऐकू येत न्हाय ते मालकाला म्हाईत न्हाय. कळलं तर आजच काढून टाकतील. तुमी कायबी बोलू नगा!"

पण माझा चेहरा बघून मालकांना संशय आलाच. त्यांनी मागांची मोटार बंद करायला लावली. सगळे माग थांबले, कानात नुसतं घुमायला लागलं.

"ज्याला ऐकू येत नाही त्यानं पुढं या!" मालक ओरडले.

काय हा हुकूम! मला हसू येत होतं. एकानंही मान वळवली नाही. सगळे आपापल्या मागावर वाकून, जणू कान नाहीतच. असले पक्के लोक!

वळला तो दादाच. पायाखालची थरथर थांबलेली त्याला कळली होती. त्यानं मालकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडं पाहिलं. मी खूण केली, जा. निघून जा ना रे! तो उलट पुढं आला. कानावर हात ठेवला, मग छातीवर. मग भराभर काहीतरी लांबलचक बोलला. सख्खी बहीण मी, एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतो?" मालकांनी विचारलं.

जॉबर पुढं झाला. "म्हनतोय, मला मोजा. पन माज्या दोन मागांसकट मोजा."

मालकांनी त्या दोन मागांवरचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. मग दादाकडं वळले. हात उचलला आणि खूण केली, चालू कर.