आय, एन आणि माझं तापलेलं डोकं

चहा घ्या, पण घोट गिळून मगच पुढचं ऐका. मागे ही फजिती ऐकताना एकीच्या नाकातून चहा बाहेर आलाय! मला मात्र अजून हसू येत नाही. रागच येतो. कुणाचा? सांगते ना.

मी शोभा परब. राहते भांडुपला, नोकरी पवईला. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणीस वर्षं मी एकटी बसतेय. जुने नकाशे, फायली, शिवाय ऑफिसला लागणारे कागद-पेनं, सगळं माझ्या ताब्यात. कुठला नकाशा कुठल्या कपाटात, मला झोपेतून उठवून विचारा.

तर गेल्या वर्षी कुणकुण लागली, की सगळे नकाशे स्कॅन करणार आणि रेकॉर्ड रूमला टाळं लावणार. मग मी कुठे जाणार? कुणी धड सांगेना. विचारलं की एकच उत्तर, "बघू हं, शोभाताई." एकोणीस वर्षांनी "बघू हं"? डोकं तेव्हापासूनच तापलेलं!

इंग्रजी येत नाही म्हणून पहिली मलाच काढतील, या धसक्याने मी क्लास लावला. दर रविवारी सकाळी, घराजवळच. शिकवायला फर्नांडिस सर. रिटायर्ड मास्तर, मराठी माझ्यापेक्षा चोख. त्या रविवारी त्यांनी फळ्यावर आय-एनने सुरू होणारे वीस शब्द लिहिले, अर्थासकट.

"बघा, शब्दाला पुढे आय-एन लागला की अर्थ उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. व्हिजिबल म्हणजे दिसणारं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं."

शेवटी सर म्हणाले, "याला अपवाद आहेत. ते पुढच्या रविवारी."

वीसच्या वीस शब्द मी त्याच दिवशी पाठ केले. भाकरी थापताना इनकम्प्लीट, भांडी घासताना इनह्यूमन. नवरा माझा मालवणचा. तो ताटावरून ओरडला, "अगो, माका जेवूक तरी मराठीत वाढ!"

सोमवारी ऑफिसात शिरते, तर लिफ्टशेजारच्या बोर्डावर माझा फोटो! खाली चार ओळी इंग्रजीत आणि साठे मॅडमची सही. साठे मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेले. माझं नाव... एकोणीस वर्षं... आणि मग तो शब्द.

इनव्हॅल्युएबल.

व्हॅल्युएबल म्हणजे मोलाचं, हे मला माहीत होतं. आणि पुढे काय लागलंय? आय-एन! म्हणजे मी कवडीमोल. एकोणीस वर्षं धूळ खाल्ली, वाळवीशी मारामारी केली, आणि ही बाई माझा फोटो लावून, खाली सही ठोकून सगळ्या जगाला सांगतेय की हिची काही किंमत नाही!

त्यात रिसेप्शनवरची पूजा धावत आली. "काँग्रॅट्स शोभाताई! पार्टी पाहिजे हां!"

"हसतेस काय गं? उद्या तुझा फोटो लागेल तिथे!"

"लागू दे की!" म्हणाली. आता सांगा, तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही?

मी बोर्डावरचा कागद टाचण्यांसकट उपटला आणि थेट मीटिंगच्या खोलीत घुसले. मॅडमसमोर हेड ऑफिसचे दोन साहेब बसले होते. बसू देत! त्यांनाही कळू दे.

"शोभाताई? काय झालं?" मॅडम उठून उभ्या राहिल्या.

मराठीत बोलले असते तर निभावलं असतं हो. पण मला दाखवायचं होतं ना, की इंग्रजी मलाही येतं!

"मॅडम, यू आर इनसेन्सिटिव्ह!"

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं.

"यू आर इनह्यूमन! इनसिन्सिअर! इनडीसेंट! धिस इज इनजस्टिस!"

माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला, असं पूजा नंतर म्हणाली. बरं, शब्द संपत आले तरी राग संपेना. त्याला मी काय करू? डोळ्यांसमोर फळा आणला आणि जे दिसेल ते फेकत गेले.

"यू आर इनसोल्युबल! यू आर इनएडिबल!"

म्हणजे मॅडम, तुम्ही पाण्यात विरघळत नाही आणि तुम्ही खाण्यालायक नाही. काचेपलीकडे अख्खं ऑफिस उभं!

मॅडमनी माझ्या हातातला चुरगळलेला कागद घेतला. "यात तुम्हाला काय लागलं एवढं?"

"हा शब्द! माझी व्हॅल्यू नाही म्हणता? चारचौघांत?" आता मात्र मी मराठीत आले, आणि रडूही आलं. मेलं रागाच्या भरातच नेमकं येतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "अहो, इनव्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य. जिची किंमत करताच येत नाही, इतकी मोठी. हे दोघे साहेब रेकॉर्ड रूम बंद करायची की नाही, ते ठरवायला आलेत. तुमच्याशिवाय आमचं अडतं, हे त्यांच्या नजरेस पडावं म्हणून लावलं मी ते बोर्डावर."

धरणीने मला पोटात घ्यायला हवं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर कुठली आलीय धरणी?

एवढ्यात त्यातले चष्मेवाले साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच रेकॉर्ड सांभाळता ना? चेंबूरच्या कारखान्याचा ड्रेनेजचा जुना नकाशा सकाळपासून कॉम्प्युटरवर शोधतोय आम्ही."

मी पदराने नाक पुसत म्हटलं, "कपाट सात, खालून दुसरा कप्पा. त्याची उजवी बाजू कसरीने खाल्लीय. पण मी तेव्हाच ट्रेस करून ठेवलीय, ती मागच्या नळकांड्यात."

पाच मिनिटांत नकाशा टेबलावर. साहेब एकमेकांकडे बघायला लागले. रेकॉर्ड रूम राहिली! स्कॅनिंग होणार, पण माझ्या देखरेखीखाली.

इथेच थांबले असते तर? पण मी! घरी जाताना पुन्हा डोकं तापलं, या वेळी स्वतःवर. म्हटलं, शोभे, चूक इंग्रजीत केलीस, माफीही इंग्रजीतच माग. सरांना फोन करून विचारायला काय झालं होतं? पण नाही! आता मला सगळं कळलं होतं ना! व्हॅल्युएबलच्याही वरचं इनव्हॅल्युएबल. म्हणजे मोठ्या माणसांच्या बाबतीत आय-एन लागला की अर्थ उलटत नाही, चढतो!

दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा आणि एक ग्रीटिंग कार्ड घेऊन गेले. कार्डावर चांगल्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं: "आमच्या मॅडम साऱ्या पवईत फेमस आहेत." पण मॅडमना नुसतं फेमस? मी पुढे आय-एन लावला!

मॅडमनी कार्ड वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. पूजाने मागून डोकावून वाचलं आणि तोंडावर हात दाबत बाथरूमकडे पळाली.

"शोभाताई," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "इनफेमस म्हणजे बदनाम."

मी वड्यांचा डबा पुढे सरकवला.

"यापुढे माझ्याशी भांडायचं तर मराठीत भांडा. माफी मागायची तर तीही मराठीतच."

मला वाटलं, सुटले. चार दिवसांनी पूजा माझ्या खिडकीशी आली. "शोभाताई, लॅमिनेशनचा एक कागद द्या ना, मॅडमना हवाय." मी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. उलट म्हटलं, मॅडमना हवाय ना, मग जाडातला घेऊन जा, वर्षानुवर्षं टिकेल. वहीत नोंद केली आणि खाली माझीच सही ठोकली.

ते कार्ड आता मॅडमच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभं आहे.