पडद्याच्या मागच्या अंगानं

सिनेमातले सगळे हिरो डावखुरे असतात, असं मी लग्न होईपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. तेवढ्यावर भागलं न्हाई. हिरोसारखं दिसावं म्हणून डाव्या हातानं जेवायला लागले. मायनं उलथनं हाणलं तेव्हा बंद झालं. अशी मी हुशार.

बाळापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध पांढरं कापड. गाव कापडाच्या पुढं, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतली माणसं मागं. मागून चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, हे कुणी सांगितलं न्हाई. नावं यायची तीही उलटी. मला वाटायचं, मुंबईची लिपी अशीच असंल.

मागच्या साली नात मला हिंगोलीला तिच्या कॉलेजात घेऊन गेली. सिनेमा कसा बघावा याचं शिबिर होतं. पुण्याचे सर शिकवत होते. नायक बहुतेक वेळा पडद्याच्या डावीकडून येतो, खलनायक उजवीकडून. आपण डावीकडून वाचतो, म्हणून डोळ्याला ते बरं वाटतं. मी बसल्या जागी गार पडले. आमच्या वाट्याला हिरोसुद्धा खलनायकाच्या वाटेनं आला होता.

मग त्यांनी एक प्रायोगिक सिनेमा लावला. गोष्ट न्हाई, गाणं न्हाई. एक बाई भाकरी थापते, आणि मधूनच अख्खं चित्र पालटतं. तिच्यामागच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात. काय वाटलं, सरांनी विचारलं. पोरं म्हणाली, बेचैन वाटलं, कोंडल्यासारखं झालं. मी हात वर केला. आगाऊ मेली.

“मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.”

हशा पिकला. सरांनी कारण विचारलं, मी कापडाची हकीकत सांगितली. शिबिर भरवणारा तरुण आमच्याच गावच्या पाटलाचा नातू. तो म्हणाला,

“मागून का होईना, फुकटात तर पाहिलं ना आज्जी?”

पुन्हा हशा. आणि मीही हसले. जन्माची सवय. कुणी मारलं की आधी आपणच दात काढायचे, म्हणजे लागलं न्हाई असं वाटतं. शेजारी नात मान खाली घालून बसलेली. माझं हसू तोंडातच सुकलं. उभी राहिले.

“फुकट न्हाई. माझ्या मायनं ते बाजाराचं मैदान झाडलं. झाडल्या जागी तुमचे आजोबा बसले. आमी काट्यात.”

सरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा सीन लावला. बस, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. एकटी. पहिल्या रांगेत, मधोमध बसले. तिथून कुणी उठ म्हटलं तर उठणार न्हाई. जिथं पडदा असंल तिथं पुढंच बसणार, आणि मागून काय दिसायचं ते सांगत राहणार. कुणी ऐको न ऐको. माझं रक्ताचं माणूस उठून गेलं तरी.

नात आली न्हाई. आदल्या दिवशी फाटकाबाहेर तिनं माझा हात सोडला होता. इकडंतिकडं बघून, हळूच म्हणाली होती,

“आज्जी, आपण कोण ते सगळ्यांना काहून सांगितलंस? तू घरी जाशील. मला यांच्यातच राहायचंय.”