उष्टा निरोप

"निरोप उष्टा करू नाई."

हे मार्तंडचे म्हणणे. कोणी चाखलेला घास पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत, तसा निरोपही वाटेत चाखायचा नसतो. देणाऱ्याच्या तोंडून जसा निघाला तसाच घेणाऱ्याच्या कानात घालायचा. आपले मीठ त्यात टाकू नये, साखर तर मुळीच टाकू नये. दिवसातून चारदा तरी तो हे बोले. मी हसत असे. पुढे त्या हसण्याची मला लाज वाटली.

मी रामटेकच्या बाजूचा. आमच्या नाल्यावर शिंदी होती, तशी सरळ पानाची शिंदी त्या भागात दुसरीकडे नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगीन. नागपूरला अजनीच्या पलीकडे, रेल्वे फाटकाजवळ एक लहान चर्च होते. त्यांच्या ईस्टरच्या आधीच्या रविवारी माणसे हातात झावळ्या घेऊन चालतात. त्या झावळ्या दरसाल माझ्या. मी शनिवारी भारे घेऊन यायचो आणि मार्तंड मला पुढचा आठवडा जाऊ द्यायचा नाही. "सण अर्धा पाहून जाते काहून गा?" म्हणायचा. मी त्यांच्या धर्माचा नव्हतो, पण चर्चच्या मागल्या खोलीत माझी चटई अकरा वर्षे ठरलेली होती.

मार्तंड मूळचा काटोलकडचा. बाप्तिस्म्याचे नाव मार्टिन. बापाने दोन्ही नावे जवळजवळची शोधली होती, म्हणजे आजीला बाप्तिस्मा कळू नये. तो चर्चची घंटा वाजवी, मेणबत्त्या लावी, झाडू मारी. पण त्याचे खरे काम निरोपाचे. त्या चर्चची माणसे चहूकडे विखुरलेली. काही रेल्वे क्वार्टरात, काही गिरणीच्या चाळीत, तमिळ बोलणारी फाटकाच्या अलीकडे, हिंदीवाली पलीकडे. कोणाचे बारसे, कोणाची मैयत, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, किती वाजता, सगळे मार्तंडच्या तोंडी. त्याला वाचता येत नसे. त्यामुळेच लोक त्याच्यावर विश्वास ठेवीत. कागद हरवतो, भिजतो. मार्तंड कधी हरवला नाही.

ईस्टरच्या आधी तीन दिवस त्यांच्यात घंटा वाजवत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी ती मुकी होते ती शनिवारी रात्रीच बोलते. कोणी मेले तरी तिला हात लावायचा नाही. तेवढे दिवस घंटेच्या जागी लाकडाचा खटखटा असतो, पाटावर दोन हातोड्या बसवलेला. सायकलच्या दांडीला तो अडकवून मार्तंड गल्लीगल्लीत फिरायचा. खट खट आवाज आला की बाया दारात यायच्या. "तीन दिवस मीच घंटा," असे तो सांगे, आणि सांगताना त्याची मान जरा वर होई.

आणि ईस्टरच्या पहाटे त्याचा एक निरोप ठरलेला. दारापुढे उभा राहून तो म्हणे, "प्रभू उठला." आतून लोक म्हणत, "खरंच उठला." आधी त्यांची प्रार्थना लॅटिनमध्ये असे, ती मराठीत आली तेव्हापासूनची ही रीत. छोटे फादर म्हणून एक तरुण दक्षिणेकडून आले होते. त्यांनी त्याला पुस्तकातला शब्द शिकवला, पुनरुत्थान. मार्तंड म्हणाला, "फादर, एवढा मोठा शब्द दारात मावत नाई."

उठला. त्या एका शब्दावरून पुढचे सगळे घडले.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. चर्चचे मुख्य, बडे फादर, दवाखान्यात होते. समुद्रापलीकडून तरुणपणी आले होते, पस्तीस वर्षे इथेच राहिले. मार्तंडला बोलावताना "अरे मार्तंडा" असे अगदी काटोलसारखे म्हणायचे. महिनाभर अंथरुणाला खिळलेले. रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी माळ जपली जाई. गिरणीच्या चाळीत कौसल्याबाई नावाची म्हातारी होती, मूळची छिंदवाड्याची. मांडीचे हाड मोडून ती दाराशी खाटेवर पडून असे. तिला प्रसाद घ्यायचा तो बडे फादरच्याच हातचा. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी तिला सांगितले होते, ईस्टरला मी येईन. तिने एक पांढरे फडके धुऊन उशाशी घडी करून ठेवले होते.

शनिवार. अकरा वाजले असतील. ऊन असे की कौले तडतडत होती. मी ओसरीवर बसून उरलेल्या शिंदीचे खराटे बांधत होतो. ऑफिसातला फोन वाजला. तो फोन शाळेचा कारकून घ्यायचा, पण कारकून सुटीवर. छोटे फादर रात्रीपासून दवाखान्यात. फोन वाजतच राहिला, तेव्हा मार्तंड हात धोतराला पुसून आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. डोळ्यांतून पाणी चालले होते आणि तोंड हसत होते.

"फादर उठले गा," तो म्हणाला. "पाच वाजता आणून राहिले. सगळ्यायले सांगा म्हणते."

"महिनाभर पडलेला माणूस एकदम कसा उठला?" मी विचारले.

"आज कोणता दिवस हाय? उठाचाच दिवस हाय."

सायकलला खटखटा अडकवून तो गेला. मला आत कुठेतरी बरे वाटले नाही. दवाखान्यातून माणूस घरी येतो तर सगळ्यांना सांगा असे कोण कशाला म्हणेल? पण हा मार्तंडचा निरोप होता. मी माझी शंका खराट्यात बांधून टाकली.

त्या उन्हात तो साठ घरे फिरला. खट खट, फादर उठले, पाच वाजता. चार वाजल्यापासून माणसे जमू लागली. रेल्वेतले वामनराव गाण्याची मंडळी सांभाळत. त्यांनी सीताबर्डीहून झेंडूचे हार आणवले. त्यांच्यात शनिवार संध्याकाळपर्यंत सुतकासारखा, चांगले कपडे घालत नाहीत. त्या दिवशी बायांनी ईस्टरची पातळे आधीच काढली. वामनराव मला म्हणाले, "एक दिवस आधी सण झाला तर देव काही रागावत नाही."

पाच वाजून गेल्यावर फाटकातून गाडी आली. लांब, पांढरी. मार्तंड सगळ्यांच्या पुढे, हातात सर्वांत मोठा हार. गाडी थांबली तशी दार उघडायला तोच धावला.

छोटे फादर उतरले. त्यांनी हार पाहिले, पातळे पाहिली, माणसांच्या तोंडांवरचे हसू पाहिले. मग मागचे दार उघडले आणि आत लाकडाची पेटी होती.

 हार धरलेले हात तसेच वर राहिले. लहान गावात मी पुष्कळ मरणे पाहिली, पण त्या अंगणासारखी शांतता पाहिली नाही. मरणाची घंटा वाजली असती तर लोकांना रडता तरी आले असते. घंटा मुकी होती.

छोटे फादर हिंदीत म्हणाले, "मार्टिन, तूने लोगों से क्या कहा?"

मार्तंडने हार छातीशी धरला.

"मैंने दवाखाने के चौकीदार से फोन कराया था. उसने क्या बोला तुझे?"

मार्तंडने डोळे मिटले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. "बडे फादर उठ गए. पाँच बजे लाएँगे. सब को बोल दो."

"उठ गए म्हणजे वारले," वामनराव म्हणाले. "एवढंही समजत नाही तुले? चाळीस वर्षं नागपुरात राहून राहिला नं तू? बाजारात रोज कोणी ना कोणी उठते."

"समजते, वामनराव."

"मग?"

"आज नाई समजलं."

त्याने हातातला हार पेटीवर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले, दुसरे काय करणार. रविवारी दफन करीत नाहीत आणि त्या उन्हात सोमवारपर्यंत ठेवणे शक्य नव्हते. दिवस मावळायच्या आत माती झाली. कबरीवर झेंडू इतका की लग्नघरच वाटावे. मार्तंड लांब उभा राहिला. मी जवळ गेलो तर पुटपुटत होता. आपली चूक नेमकी कुठे झाली हे त्याला उमगले होते, ते मला तिथे कळले.

"हिंदी शब्द होते, गा. तसेच नेले असते तर पहिल्याच घरी कोणी म्हणालं असतं, अरे, वारले. मी त्याईची मराठी केली. चाखलं मी. गोड लागलं, म्हून तेच वाटलं."

परतताना वामनराव आणि छोटे फादर कौसल्याबाईचे बोलू लागले. चाळीतली सगळी माणसे इकडे आलेली, तिला अजून खरे कळले नव्हते. दुपारी मार्तंडने तिलाही सांगितले होते आणि तिने खाटेवरच हात जोडले होते.

"तिले सण होऊ द्या," वामनराव म्हणाले. "मार्तंड, सकाळी सांग, फादर थकले आहेत, पुढच्या हप्त्यात येतील. मग पाहू."

छोटे फादरांनी कपाळाचा घाम पुसला. मग थकून म्हणाले, "हाँ, ऐसा ही बोल दो." आणि थोड्या वेळाने, मार्तंडकडे न पाहता, "पुढच्या महिन्यात आपण भोंगा घेऊ. चर्चवर बांधू. कोणाला फिरायचे काम नको." ते वाईट मनाने बोलले नव्हते. पण ते ऐकताना मी मार्तंडचे खांदे पाहिले, तो दहा वर्षांनी वाकला.

रात्रीच्या प्रार्थनेत घंटा वाजली. मार्तंडनेच वाजवली. खोलीत येऊन तो बसून राहिला. पहाटेचा झुंजुरका झाला तेव्हा मला उठवून म्हणाला, "माह्यासंगं चाल. साठ घरी दिला, साठ घरून परत घेतो."

लोकांना सगळे माहीत होते, तरी तो प्रत्येक दारी थांबला. "काल मी निरोप उष्टा करून देल्ला. परत घ्याले आलो." कोणी चहाचे विचारले. कोणी ऐकून दार लोटले. क्वार्टरातली एक बाई अंगण झाडता झाडता म्हणाली, "काहून मार्टिनभाऊ, आज कोण उठलं?" शेजारीण फिसकन हसली. मार्तंडने तिच्याही दारी हात जोडले. ईस्टरचा ठरलेला निरोप मात्र त्याने एकाही घरी दिला नाही. कोणी मागितलाही नाही.

गिरणीच्या चाळीपाशी आलो तेव्हा मी त्याला धरले. "वामनरावांनी सांगितलं तेच सांग. तीही त्यांनीच दिलेली गोष्ट, तू फक्त पोचव."

"त्यायच्या तोंडातच ती उष्टी होती," तो म्हणाला.

कौसल्याबाई जागी होती. पांढरे फडके खाटेजवळच्या स्टुलावर अंथरलेले, त्यावर मेणबत्ती.

"ये गा मार्तंडा. फादर किती वाजता येऊन राहिले?"

तो उंबऱ्याशी बसला. त्याने खाली पाहिले नाही. "माय, फोनवर जे शब्द आले ते सांगतो. काल सांगितले नाईत. बडे फादर उठ गए. पाँच बजे लाएँगे. सब को बोल दो."

छिंदवाड्याची बाई. तिला समजायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मिट्टी?"

"झाली. काल."

तिने फडक्याची एक कड दुमडली, मग परत सरळ केली. नळावर कोणी लावलेली बादली भरून वाहू लागली.

"हेच शब्द काल दुपारी आणले असते," ती म्हणाली, "तर मले कोणी खाटेसकट उचलून नेलं असतं. त्याईचं तोंड पाहिलं असतं मी."

"हो, माय."

"मी इथं पडल्या पडल्या खुश होऊन राहिली होती. माती पडत होती तवा."

"हो."

तिने त्याला शिवी दिली असती तर बरे झाले असते. तिने स्टुलावरची मेणबत्ती त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आता दरसालचा दे. तो तं खरा हाय नं?"

मार्तंडने तोंड उघडले. "प्रभू," म्हणाला. पुढचा शब्द त्याच्या ओठापर्यंत आला, मी पाहिला, आणि तिथेच थांबला. पुन्हा म्हणाला, "प्रभू." तेवढ्यात चर्चची घंटा वाजली, सकाळच्या मिस्साची. दोर कोणी दुसऱ्यानेच ओढला होता. दोन ठोके सरळ, तिसरा वाकडा. मार्तंडची मान त्या आवाजाकडे वळली आणि परत खाली आली.

"माह्या तोंडातून नाई येत, माय," तो म्हणाला. "तुम्ही घंटेचा ऐका."

सायकलवरून खटखटा सोडून त्याने तिच्या उंबऱ्यावर ठेवला. सायकल भिंतीला टेकलेलीच राहू दिली.  पायी निघाला, अंगावर कालचाच सदरा, त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या.

कौसल्याबाई कोपरावर रेटा देऊन अर्धी उठली. खाटेवरून तिला चाळीच्या कडुनिंबापर्यंतच दिसत असे. त्याच्या पुढे रस्त्याला फाटा फुटतो, डावीकडे वळले तर चर्च आणि सरळ गेले तर मार्तंडच्या गावाकडच्या, काटोलच्या मोटारी मिळतात. कडुनिंबाआड तो तिला दिसेनासा झाला, तशी तिने मला विचारले, "कुठं वळला गा?"

मी दारात उभा राहून पाहत होतो. तिला बरे वाटेल असे एक उत्तर माझ्या जिभेवर होते.

"वळला नाही," मी म्हणालो. "सरळ गेला."