झिऱ्यावरची आत्या

उन्हाळाभर आत्याचे हात कोपरापर्यंत ओले असायचे. सख्खी आत्या ती कोणाचीच नव्हती, पण सारं गाव तिला आत्याच म्हणायचं. कयाधू आटली की ती पात्रात उतरायची, हातानं वाळू उकरून झिरा धरायची. पाणी पुरतं वर यायच्या आत कोणी घागर बुडवली तर ती ओरडायची, "निवळू दे की! पाण्याला बी दम लागतो."

पल्याडच्या तांड्यावरच्या बायाही त्याच झिऱ्यावर यायच्या. एकदा माझ्या थोरल्या भावानं त्यांना हटकलं. आत्यानं त्याचीच घागर बाजूला सारली. "काहून रे, नदी तुला सासऱ्यानं आंदण दिली व्हय? आधी आली ती आधी भरंल. तू बस तिकडं." भाऊ बसला. मला हसू आवरलं नाही.

मग वाळूचे ट्रॅक्टर आले. आत्या पुढं जाऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारे, वाळूच तर हाय. पुरानं परत येईल."

"पुरानं गाळ येतो. त्यात तुझ्या बापानं झिरा धरला व्हता का?"

मी काठी घेऊन तिच्याजवळ उभा राहिलो. त्या दिवशी ट्रॅक्टर माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगानं उतरले.

गेल्या उन्हाळ्यात तिचा पोरगा हिंगोलीहून पाण्याचे जार पाठवत होता, तरी आत्या नदीत उतरलीच. हातभर खाली काळा खडक लागला. जागा बदलली, तिथंही खडक. नखं फुटली.

"आत्या, चल आता घरी," मी म्हणालो.

"थांब रे. इथं असंल."

कुठंच नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तशी ती उठली आणि तांड्याच्या बाजूनं वर चढली. पहिलंच घर कमळाबाईचं. तिनं जन्मभर आत्याच्या झिऱ्यावर घागरी भरलेल्या. आत्या दारात उभी राहिली. "माय, पाणी देती का?"

कमळाबाई बघतच राहिली. मग तिनं तांब्या राखेनं घासला, भरून दिला. आत्या सगळा प्याली. "लई ग्वाड हाय," म्हणाली.

पात्रात आल्यावर मला हळूच म्हणाली, "बोरचं हाय, खारट. तिला सांगू नको."

आषाढात आत्याला खाटेवरून खाली घेतलं, तेव्हा कयाधू दुथडी भरून वाहत होती. कमळाबाई पुलावरून, भिजत, तांब्या पदराखाली झाकून आली. आमची माणसं एकमेकांकडं बघू लागली.

मी म्हणालो, "सरका. हिला जाऊ द्या."

शेवटचं पाणी तिच्याच हातानं पडलं.